पीक, पाऊस आणि राजा : ठाणे-कल्याण परिसरातील ख्रिस्ती सार्वजनिक प्रार्थना

ख्रिस्ती उपासनेत माणसाने स्वतःच्या उद्धारासाठी केलेली विनवणी आणि मंडळीने इतरांच्या वतीने केलेली विनवणी यांत फार पूर्वीपासून भेद केला गेला आहे. दुसऱ्या प्रकारच्या विनवणीला मराठी ख्रिस्ती लोक ‘मध्यस्थीची प्रार्थना’ म्हणतात. पौलाच्या नावावरील तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात राजे आणि अधिकारी यांच्यासाठी अशी प्रार्थना करण्याची सूचना आहे, आणि जस्टिन या ग्रीक लेखकाने दुसऱ्या शतकाच्या मध्यास ख्रिस्ती उपासनेचे जे वर्णन केले त्यातही सर्वांनी मिळून करावयाच्या अशा प्रार्थनेचा उल्लेख आहे. धर्मशास्त्राच्या अभ्यासकांनी या प्रार्थनेचा विचार मुख्यतः उपासनाविधीचा एक भाग म्हणून केला. परंतु पीक, पाऊस, रोगराई, राज्यकर्ते आणि रोजगार यांविषयीच्या ज्या मागण्या तीत पिढ्यान्‌पिढ्या येत गेल्या, त्या त्या त्या काळातील लोकांना कशाची उणीव भासत होती हे सांगत असल्यामुळे एखाद्या प्रदेशाच्या आर्थिक इतिहासाचे साधन म्हणूनही त्यांच्याकडे पाहता येते. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्यात हे साधन विशेष उपयोगी पडते, कारण येथे राज्ये अनेकदा बदलली आणि लोकांच्या पोटापाण्याचे मार्गही बदलले.

या इतिहासाचा आरंभ एका वादग्रस्त उल्लेखाने होतो. सहाव्या शतकाच्या मध्यास कॉस्मस इंडिकोप्लेउस्टेस या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने आपल्या ग्रंथात ‘कल्लियाना’ या बंदरात इराणातून नेमलेला बिशप असल्याचे नोंदवले. हे बंदर म्हणजे उल्हास नदीकाठचे कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात, तर काहींच्या मते ते केरळातील कोल्लम असावे. कल्याणचा पक्ष खरा मानल्यास येथील पहिली ज्ञात ख्रिस्ती उपासना पूर्व सिरियाक परंपरेची होती असे म्हणावे लागते. या परंपरेत ‘कारोझूथा’ नावाचा विधिभाग असतो : सेवक एकेक मागणी मोठ्याने उच्चारतो आणि प्रत्येक मागणीनंतर जमलेले लोक दयेची याचना करणारे एकच पालुपद म्हणतात. जगात शांतता नांदावी आणि राज्यकर्ते सुखरूप राहावेत या मागण्यांबरोबरच हवा निरोगी असावी, वर्ष चांगले जावे आणि पीक भरघोस यावे अशाही मागण्या तीत येतात. ज्यांचा उदरनिर्वाह समुद्रापलीकडच्या व्यापारावर चालत होता अशा वसाहतीत ही शेतकऱ्याची प्रार्थना म्हटली जात असेल तर तीत थोडी विसंगती दिसते. मात्र विधिग्रंथातील शब्द एका प्रदेशात घडतात आणि दुसऱ्याच प्रदेशात उच्चारले जातात, हे प्रार्थनेच्या इतिहासात वारंवार घडले आहे.

ठाण्याविषयीची माहिती अधिक पक्की आहे. एप्रिल १३२१ मध्ये तोलेंतीनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा देमेत्रियस हे चार फ्रान्सिस्कन पंथीय ठाण्यात मारले गेले. त्यांच्याबरोबर आलेला दोमिनिकन पंथाचा जोर्दानुस त्या वेळी गावात नसल्यामुळे वाचला आणि त्याने आपल्या पत्रांतून ही वार्ता युरोपात कळवली. त्यानंतर थोड्याच काळात आलेल्या पोर्देनोनेच्या ओदोरिक या प्रवाशाने ठाण्यात नेस्तोरियन, म्हणजे पूर्व सिरियाक परंपरेच्या ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे असल्याचे लिहिले आहे. मृतांच्या अस्थी बरोबर घेऊन तो जलमार्गाने दक्षिणेकडे निघाला असता वारा पडला. त्याच्या वृत्तान्ताप्रमाणे जहाजावरील मूर्तिपूजकांनी आपल्या देवांना साकडे घातले, मग मुसलमानांनी प्रार्थना केली, आणि शेवटी त्याने गुपचूप एक अस्थी समुद्रात टाकताच वारा सुटला. चारही जण जेथे मारले गेले तेथील माती पाण्यात कालवून आजारी माणसे पीत असत, आणि त्यांत इतर धर्मांचेही लोक होते, असेही तो सांगतो. चमत्काराचा भाग बाजूला ठेवला तरी या वृत्तान्ताचे मोल कमी होत नाही, कारण मालाने भरलेले जहाज अडकून पडल्यावर वाऱ्याची मागणी सर्वांची एकच होती आणि ती प्रत्येकाने आपल्या रीतीने केली, एवढे त्यातून निश्चित समजते.

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्याखालचा मुलूख पोर्तुगीजांना दिला, आणि पुढील सुमारे दोन शतके ठाणे त्यांच्या अमलाखाली राहिले. मासुंदा तलावाकाठचे संत योहान बाप्तिस्ता यांचे चर्च फ्रान्सिस्कनांच्या त्या काळातील कामाची आठवण देते. या काळात प्रार्थनेचा संबंध जमिनीशी आला. जेझुइट पंथीयांनी ठाण्याजवळ साष्टीत ‘सांतीस्सिमा त्रिंदादे’, म्हणजे पवित्र त्रैक्य, या नावाचे ख्रिस्ती शेतकऱ्यांचे गाव वसवले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या कुणबी, कोळी, भंडारी कुटुंबांना लॅटिन विधी समजत नसले तरी त्या विधींमागचे पंचांग त्यांच्या ओळखीचे होते. रोमन परंपरेत २५ एप्रिल रोजी आणि ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सणापूर्वीच्या तीन दिवशी शेतांतून मिरवणूक काढून संतांची नामावली म्हणण्याची चाल होती. तिचा दुसरा भाग व्हिएन्नचा बिशप मामेर्तुस याने पाचव्या शतकात गॉल देशात सुरू केला. वीज, वादळ, रोगराई, दुष्काळ आणि युद्ध यांपासून सुटका व्हावी अशी मागणी या नामावलीत असे, आणि पोर्तुगीज मुलखात अशा नामावलीला ‘लादाइन’ म्हणत. युरोपात हे दिवस वसंतातल्या कोवळ्या पिकाचे होते. कोकणात मात्र ते भाजावळीच्या आणि कोरड्या पडलेल्या खाचरांच्या दिवसांत येत, म्हणजे आलेले पीक वाचवण्याची मागणी येथे न आलेल्या पावसाची मागणी होऊन बसे.

स्थानिक भाषेला उपासनेत मिळालेली जागा मर्यादित होती, पण ती महत्त्वाची ठरली. फ्रान्सिस्को वाझ द गिमारायन्स या फ्रान्सिस्कनाने ख्रिस्ताच्या दुःखभोगावर या भागातील मराठी बोलीत रचलेले पुराण १६५९ मध्ये लिस्बनमध्ये छापले गेले. थॉमस स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’चा बोलबाला अधिक झाला आणि तो रास्तही आहे, तथापि ठाणे-वसईच्या शेतकऱ्याच्या कानांवर पडणारी बोली गिमारायन्सच्या पुराणात अधिक सापडते.

या शेतकरी वळणाचा सर्वांत टिकाऊ अवशेष म्हणजे ‘आगेरा’. हे नाव सामान्यतः शेत या अर्थाच्या लॅटिन शब्दाशी जोडले जाते. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी भाताच्या नव्या ओंब्या वाजतगाजत चर्चमध्ये आणून पाद्रींकडून आशीर्वादित करून घ्यायच्या आणि मग घरोघर वाटायच्या, अशी ही चाल आहे. ज्यांनी १८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले, त्या मूळच्या मराठीभाषक ख्रिस्ती समाजाने ती ठाणे, साष्टी आणि मुंबईत जपली. विशेष हे की आगेऱ्यात मागणी जवळजवळ नसते. आलेल्या पिकाबद्दल कृतज्ञता असते, आणि नवान्नाच्या हिंदू प्रथेशी तिचे असलेले साम्य समजावून सांगण्याची गरज येथील कोणत्याही शेतकऱ्याला पडली नसावी.

राज्यकर्त्यांसाठीच्या प्रार्थनेचा इतिहास मात्र इतका सौम्य नाही. विधिग्रंथात राजाच्या नावासाठी जागा राखलेली असते आणि ती कोणाच्या नावाने भरायची हे तलवारीने ठरते. पोर्तुगीज अमलात मिस्सेमध्ये, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत, पोर्तुगालच्या राजाचे नाव घेतले जाई. मराठ्यांपासून बचाव व्हावा म्हणून पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास ठाण्यात किल्ला बांधायला घेतला. तो पुरा होण्यापूर्वीच १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ठाणे मराठ्यांकडे आले, १७३९ मध्ये वसईही पडली, आणि ज्याचे नाव प्रार्थनेत घेतले जात होते त्या राजाचा या मुलखाशी संबंध उरला नाही. पुढे १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. १८२५ मध्ये कलकत्त्याचे बिशप रेजिनल्ड हीबर यांनी ठाण्यातील सेंट जेम्स या अँग्लिकन चर्चचे समर्पण केले. तेथे वापरल्या जाणाऱ्या इंग्रजी प्रार्थनाग्रंथात राजाचे नाव तर असेच, शिवाय पाऊस पडावा म्हणून, तो थांबावा म्हणून, महागाई आणि दुष्काळात, युद्धात आणि साथीच्या रोगात म्हणावयाच्या स्वतंत्र प्रार्थना छापील स्वरूपात तयार होत्या. पाऊस थांबवण्याची प्रार्थना इंग्लंडच्या शेतकऱ्याला कितीही निकडीची असली तरी ठाण्याच्या आषाढात ती म्हणणाऱ्या अधिकाऱ्याला स्थानिक कुणब्याची सहानुभूती लाभली असण्याचा संभव कमी आहे.

या छापील साच्याला वेगळी दिशा मराठी प्रॉटेस्टंट समाजाने दिली. अमेरिकन मराठी मिशनचे काम १८१३ मध्ये मुंबईत सुरू झाले आणि त्याची एक शाखा काही वर्षे ठाण्यातही होती. तथापि मराठी प्रार्थनेचे वळण बदलणारा कवी या मिशनला पुढे अहमदनगर भागात मिळाला. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे १८६९ ते १८७३ या काळातील प्राथमिक शिक्षण कल्याणात झाले होते, अर्थात ते ख्रिस्ती होण्याच्या फार पूर्वी. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांनी अभंग, भजन आणि कीर्तन यांना उपासनेत स्थान मिळवून दिले, आणि स्वदेशाच्या कल्याणाची तळमळ ही ख्रिस्ती भक्तीत परकी नाही हे आपल्या पद्यांतून ठसवले. राजाच्या आरोग्यासाठी प्रार्थना करणे आणि देशाच्या दैन्याविषयी देवाशी बोलणे यांत जे अंतर आहे, ते मराठीत बहुधा टिळकांनीच प्रथम ओलांडले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, आणि मुंबई-साष्टीच्या गावठाणांत चौकाचौकांत ‘खुरूस’, म्हणजे दगडी क्रूस, उभे राहिले. त्यांतील कित्येकांवर त्या वर्षांचे आकडे कोरलेले आहेत. चर्चपर्यंत न जाता शेजाऱ्यापाजाऱ्यांनी संध्याकाळी जमून जपमाळ म्हणावी अशी ही जागा होती. २०२० मध्ये करोनाच्या साथीत महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबरपर्यंत बंद राहिली तेव्हा अशी उघड्यावरची प्रार्थनाही बंद पडली.

रेल्वे आणि कारखाने यांनी प्रार्थना करणारा समाजच बदलला. १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्यापर्यंत आणि १ मे १८५४ रोजी कल्याणपर्यंत आगगाडी आली. तिच्या मागोमाग गोवेकर, तमिळ आणि मल्याळी ख्रिस्ती कुटुंबे कल्याणच्या परिसरात वस्तीला आली, आणि १९६० नंतर ठाण्याची वागळे इस्टेट, डोंबिवलीची औद्योगिक वसाहत आणि आसपासची रासायनिक कारखानदारी यांमुळे ही वस्ती वाढत गेली. याच सुमारास कॅथलिक विधीत मोठा फेरफार झाला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये ‘श्रद्धावंतांची प्रार्थना’ पुन्हा सुरू करण्याचे ठरवले, ती लोकभाषेत म्हणता येऊ लागली आणि मागण्यांचा क्रम ठरला : प्रथम ख्रिस्तसभा, नंतर राज्यकर्ते व जग, मग कोणत्याही संकटात सापडलेले लोक, आणि शेवटी स्थानिक समाज. नव्या रचनेत राजाचे नाव उरले नाही. पूर्वी लॅटिनमध्ये ठरलेल्या संकटांपासून ठरलेल्या शब्दांत सुटका मागितली जाई, आता मात्र मागण्यांचे शब्द दर रविवारी स्थानिक पातळीवर लिहिता येऊ लागले, आणि पाद्रींखेरीज सामान्य माणसेही वेदीजवळ उभी राहून ते वाचू लागली.

या मोकळीकीचे परिणाम विधिशास्त्राच्या ग्रंथांपेक्षा स्थानिक घटनांच्या क्रमात अधिक स्पष्ट होतात. १९८२ चा गिरणी संप, २००९ मध्ये कल्याणजवळच्या मोहने येथील रेयॉन कारखान्याला लागलेले टाळे आणि कामगारांच्या थकित देण्यांचा वर्षानुवर्षे चाललेला प्रश्न, २०१३ मधील शिळफाट्याची इमारत दुर्घटना, डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील २०१६ आणि २०२४ चे स्फोट : या साऱ्यांना जुन्या नामावलीत शब्द नव्हता, कारण ती वीज आणि वादळ जाणत होती, परवाना आणि पगार जाणत नव्हती. संकट माणसाच्या हातून ओढवले असेल तर केवळ सुटका मागून भागत नाही. जबाबदार माणसाला सद्बुद्धी मिळावी, हक्काचे पैसे मिळावेत, न्याय व्हावा, असे म्हणावे लागते, आणि असे म्हटले की प्रार्थना निवेदनाच्या जवळ जाते. त्यावर दोन्ही बाजूंनी आक्षेप घेतले जातात : कोणाला तीत राजकारण दिसते, तर कोणाला वेदीवरून वाचलेले निवेदन कलेक्टर कचेरीत पोचत नाही याची खंत वाटते. पहिला आक्षेप इतिहासाला धरून नाही, कारण राजाचे नाव घेणारी प्रार्थनाही राजकीयच होती, फक्त तिची बाजू ठरलेली होती. दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे. शेजारच्या वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी पाणी आणि हिरवाई यांच्या रक्षणासाठी चालवलेल्या चळवळीत धर्मगुरू रस्त्यावर उतरला होता. ठाणे-कल्याणात त्या तोडीचे उदाहरण सापडत नाही.

१ मे हा दिवस या संदर्भात लक्ष वेधून घेतो. पोप पायस बारावे यांनी १९५५ मध्ये हा दिवस कामकरी संत योसेफ यांचा सण म्हणून ठरवला, पाच वर्षांनी त्याच दिवशी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, आणि त्याच तारखेला शतकापूर्वी कल्याणला पहिली गाडी आली होती. हे सारे योगायोगच आहेत, तरी राज्यासाठीची मागणी आणि श्रमिकांसाठीची मागणी एकाच दिवशी येते, हे येथील मागण्यांची यादी लिहिणाऱ्याच्या सोयीचे आहे.

३० एप्रिल १९८८ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी केरळातून आलेल्या सिरो-मलबार ख्रिस्ती लोकांसाठी कल्याण हा धर्मप्रांत स्थापन केला. कॉस्मसचा कल्लियाना कल्याणच असेल, तर चौदा शतकांनंतर पूर्व सिरियाक परंपरेचा बिशप त्याच गावाच्या नावाने पुन्हा नेमला गेला. कारोझूथा, केरळी उच्चारात ‘कारोसूसा’, आता येथे मल्याळममध्ये म्हटली जाते, आणि चांगल्या वर्षाची व भरघोस पिकाची मागणी परिचारिका, कारकून आणि कारखान्यातील तंत्रज्ञ यांच्या तोंडून होते. मासुंदा तलावाच्या परिसरात तर भाताचे खाचर केव्हाच उरलेले नाही. आगेऱ्याच्या रविवारी लागणारी ओंबी शहराबाहेरून आणावी लागते.