जॉनीची आई

साल १९७१. ग्वाल्हेरच्या कंपूतल्या वाड्यातून तुम्ही संध्याकाळच्या शोला निघाला आहात. मांढऱ्यांच्या देवीची टेकडी मागे पडते न पडते, तोच आत्या पुढून ओरडते, "पाय उचला ना, पिक्चर सुरू होऊन जाईल!" बाड्याकडच्या टॉकीजला ‘जॉनी मेरा नाम’ पुन्हा लागलाय. सगळी गर्दी देव आनंद आणि हेमामालिनीसाठी. आत्याला मात्र पाटीवर सुलोचनाबाईंचं नाव बघायचंय. खडकलाटची, कोल्हापुरात घडलेली ही नटी इथल्या लष्कर भागातल्या मराठी घरांना माहेरची वाटते.

दिवे जातात. दोन लहान भाऊ मुष्टियुद्ध खेळतात, पोलीस असलेल्या बापाचा खून होतो, भाऊ दुरावतात. मग सुरू होते दिग्दर्शक विजय आनंदांची करामत. नालंदाच्या अवशेषांतलं, राजगीरच्या रोपवेवरचं गाणं तुम्ही गुणगुणता आहात, तोवर कारस्थान पुढे सरकलेलंसुद्धा असतं. प्रेम, विनोद, पाठलाग, कुठेही सांधा दिसत नाही. आय. एस. जोहर तीन-तीन राम होऊन येतात आणि अख्खं थिएटर खदखदतं.

मध्यंतरात शेंगा फोडता फोडता मागच्या रांगेत फिल्मफेअर पुरस्कारांवरून जुंपते. सर्वोत्कृष्ट चित्रपट ‘खिलौना’. ‘जॉनी’ला पटकथा आणि संकलन, दोन्ही विजय आनंद, विनोदी नट म्हणून जोहर. यात गैर काहीच नाही, संकलनाचं बक्षीस तर हक्काचंच.

"आणि आमच्या बाईंना?" आत्या मागे वळून विचारते. कुणाकडेच उत्तर नसतं.

बाईंना पुढे मिळालेली १९९९ची पद्मश्री, २००९चा महाराष्ट्र भूषण आज तुम्हाला ठाऊक आहे. पण आत्या जॉनीच्या आईच्या भूमिकेबद्दल विचारतेय आणि तिचं खरंच आहे. या हलक्याफुलक्या खेळाला वजन येतं ते आईमुळे. नवरा गेलेला, एक मुलगा हरवलेला, दुसरा जिवावर उदार. बाई आक्रोश करत नाहीत. बोलता बोलता एक क्षण थांबतात, बस्स. म्हणून तर शेवटची मारामारी नुसती मारामारी राहत नाही.

प्राण आणि देव आनंद, तेच दुरावलेले भाऊ, एकमेकांवर तुटून पडतात. ठोसे तेच, लहानपणचे. प्राणच्या चेहऱ्यावर ओळख उमटते आणि शिट्ट्यांनी छत हादरतं. आत्या खुर्चीवरून अर्धी उठलेली.

"अरे, आता आईला दाखवा ना!"