गुप्त यंत्रे आणि मोकळे कागद

माळव्यात येऊन स्थायिक झालेल्या मराठी घरांना कागदकामाचे नवल वाटण्याचे कारण नाही. गणपतीचे मखर, दिवाळीचा आकाशकंदील, चैत्रगौरीपुढची आरास ही कामे आपल्या वाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या होत आली. बांबूच्या कामट्या, पतंगी आणि घोटीव कागद, कात्री आणि गव्हाच्या पिठाची खळ, एवढ्या सामग्रीवर घरातील मंडळी रात्र रात्र बसत. त्यामुळे विज्ञानकथांवरील चित्रपटांत व दूरचित्रवाणी-मालिकांत दिसणाऱ्या अवकाशयानांचे आणि यंत्रमानवांचे कागदी नमुने आज जगभर विनामूल्य वाटले जातात, हे नातवाने सांगितले तेव्हा हा आपल्याच मखराचा दूरदेशीचा भाऊबंद असावा, एवढेच आम्हांस वाटले. पुढे थोडे वाचन झाले आणि ध्यानात आले, की या विषयाचा एक धागा धारच्या भोजराजापाशी पोचतो आणि दुसरा देवासच्या राजवाड्यात वावरलेल्या एका इंग्रज चिटणिसापाशी. कल्पनेतले यंत्र घडवण्याची रीत सर्वांस सांगावी की झाकून ठेवावी, हा प्रश्न या दोन्ही धाग्यांत गुंतलेला आहे. तो आपल्या घरांनाही लागू पडतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम या नमुन्यांविषयी. शाळेतील भूमितीच्या पुस्तकात घनाची किंवा शंकूची ‘घडणी’ काढलेली असते, तीच यातील मूळ युक्ती. यानाचे सर्व भाग सपाट कागदावर उलगडून छापायचे, कापायचे, घडीच्या रेषेवर बोथट टोकाने चर पाडायचा, दुमडायचे आणि कडेच्या अरुंद पट्ट्यांना गोंद लावून जोडायचे. कागदाचा एक स्वभाव मात्र सांभाळावा लागतो. तो एका दिशेने वळतो, एकाच वेळी दोन दिशांनी फुगत नाही. म्हणून नळकांडे आणि शंकू त्यातून सहज होतात. चेंडू करायचा तर मोसंबीच्या सालीसारख्या टोकदार पाकळ्या जोडाव्या लागतात. १९६६ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेतील ‘एंटरप्राइझ’ यान पसरट तबकडी आणि लांब नळ्या यांचे बनलेले आहे. तबकडी उथळ शंकूंच्या पट्ट्यांतून उतरवता येते, नळ्या तर सोप्याच. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातील यानेही अशीच कागदावर आली.

हा छंद मात्र चित्रपटांहून जुना आहे. फ्रान्समधील एपिनाल गावी एकोणिसाव्या शतकात कापून जोडायच्या इमारतींचे छापील तक्ते निघत. पोलंडमध्ये १९५७ पासून कागदी नमुन्यांचे स्वतंत्र मासिक प्रसिद्ध होऊ लागले. पूर्वी घडणी हाताने मोजून काढावी लागे. या शतकाच्या आरंभी ‘पेपाकुरा’ नावाच्या जपानी संगणक-कार्यक्रमाने ते काम हलके केले. अमेरिकेच्या जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेने तर कॅसिनीसारख्या खऱ्याखुऱ्या अवकाशयानांचे कागदी नमुने लोकांना विनामूल्य उपलब्ध करून दिले. चित्रपटांतील यानांचे नमुने बहुतेक हौशी मंडळीच काढतात. आकृतीचे हक्क चित्रपटसंस्थेकडे असल्याने ते विकण्याची त्यांना मुभा नसते, हे फुकट वाटण्याचे एक व्यावहारिक कारण. दुसरे कारण आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. घडणी बरोबर आहे की नाही, हे दुसऱ्याने ती जोडून पाहिल्यावाचून कळत नाही. वाटण्यातच नमुन्याची परीक्षा होते आणि चूक आढळली तर तो सुधारतो.

आता धारकडे वळू. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे राज्य करणाऱ्या परमार भोजाच्या नावावर असलेला ‘समरांगणसूत्रधार’ हा ग्रंथ प्रामुख्याने वास्तुशास्त्राचा. त्याच्या त्र्याऐंशी अध्यायांपैकी एकतिसावा अध्याय यंत्रांना वाहिलेला आहे. नाचणाऱ्या बाहुल्या, दारावर उभे राहून आगंतुकास अडवणारे लाकडी पहारेकरी, कारंज्यांची वारिगृहे असे बरेच काही त्यात येते. सर्वांत नवलाचा तो हलक्या लाकडाचा मोठा पक्षी. त्याच्या पोटात पाऱ्याचे पात्र, खाली अग्नी, पाठीवर माणूस. पंखांच्या वाऱ्याने आणि तापलेल्या पाऱ्याच्या शक्तीने तो आकाशात दूर जातो, असे वर्णन आहे. याला आपण त्या काळाची विज्ञानकथा म्हणू शकतो. त्याहून अधिक काही म्हणण्याचा मोह मात्र आवरावा. विमानविद्येवरील जुना ग्रंथ म्हणून गाजलेल्या ‘वैमानिक शास्त्रा’ची बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी १९७४ साली छाननी केली. तो विसाव्या शतकातला असून त्यातली विमाने उडण्याजोगी नाहीत, असा निष्कर्ष निघाला. भोजाचा ग्रंथ त्या जातीचा नव्हे, तो खरोखरच जुना आहे. परंतु जुने वर्णन म्हणजे उडालेले विमान नव्हे, हे त्याच्याही बाबतीत लक्षात ठेवलेले बरे.

आमचे लक्ष वेधले ते त्याच अध्यायातील एका कबुलीने. यंत्रांची जुळणी येथे सांगितलेली नाही, ती अज्ञानामुळे नव्हे तर गुप्ततेसाठी, असे ग्रंथकार स्वतःच नोंदवतो. ती उघड केली तर यंत्रे फलदायी होणार नाहीत, अशी पुस्तीही जोडतो. परंपरेने आलेले कौशल्य, गुरूचा उपदेश, शास्त्राचा अभ्यास, कामाचा सराव आणि बुद्धी हे सारे ज्याच्यापाशी आहे, त्यानेच यंत्र घडवावे, हा त्याचा अभिप्राय. राजाश्रयाच्या काळात याला अर्थ होता. कारागिराचे पोट त्याच्या गुपितावर चाले, आणि शत्रूच्या हाती विद्या पडू नये हीही चिंता असे. परिणाम मात्र आपण पाहतोच. पक्षी राहिला, त्याचे सांधे गेले. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत टी. गणपतिशास्त्री यांनी १९२४-२५ मध्ये हा ग्रंथ दोन भागांत संपादून काढला. माळव्याच्या राजाची पोथी एका मराठी संस्थानाच्या आश्रयाने सर्वांस खुली झाली, ही आपणांस समाधानाची गोष्ट. पोथी खुली झाली तरी तिने जे सांगितलेच नव्हते, ते संपादकाला कोठून देता यावे?

भोजाला नावे ठेवण्यापूर्वी आपल्या वाड्यात डोकावणे योग्य. आमच्या लहानपणी नात्यातील एक काका गणपतीचे मखर असे करीत, की ते पाहायला गल्ली लोटे. कमानी, जाळ्या, शिखरे, सारे कातरलेल्या कागदाचे. एकही खिळा नाही. खाके त्यांनी जाड कागदावर कापून ठेवलेले असत, आणि काम आटोपले की ते पत्र्याच्या ट्रंकेत कुलूपबंद होत. आम्ही मुले खळ ढवळायला आणि कात्री पुसायला. खाका हाती घेतला की काका म्हणत, “ठेव तो खाली, तुला काय कळतंय त्यातलं!” ते गेल्यावर काही वर्षांनी ट्रंक उघडली. निम्म्या खाक्यांना वाळवी लागलेली होती. उरलेले चाळीसएक तुकडे आम्ही अंगणात मांडून पाहिले. कोणता कमानीचा, कोणता शिखराचा, कोणता कशाला जोडायचा, याची एक खूणही त्यांवर नव्हती. काका दुष्ट नव्हते. त्यांच्यापाशी एवढेच एक वैभव होते आणि ते त्यांनी जपले. जपले म्हणूनच ते गेले, हे कळण्याइतके आम्हीही तेव्हा मोठे झालो होतो. थोरल्यांस विचारायचे धैर्य आम्ही केले नाही, ही चूक आमच्याही पदरी आहे.

आता देवास. १७२८ पासून तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंच्या दोन पात्यांनी एकाच गावात दोन राज्ये चालवली, हा इतिहास वाचकांस नव्याने सांगणे नको. थोरल्या पातीचे तुकोजीराव पवार, तिसरे, यांच्याकडे इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर प्रथम १९१२-१३ च्या हिवाळ्यात आले आणि १९२१ साली काही महिने महाराजांचे खासगी चिटणीस म्हणून राहिले. त्या वास्तव्यावरचे त्यांचे ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले. नावातली टेकडी अर्थात आपल्या माताजींची. दरबारातील गोकुळाष्टमी त्यांनी जवळून पाहिली आणि ती ‘अ पॅसेज टु इंडिया’ या कादंबरीच्या शेवटच्या भागात उतरवली. त्यात लाकडी तबकावर मांडलेले गोकुळाचे मातीचे छोटेखानी गाव आहे. आपल्या घरांतील गोकुळअष्टमीची मांडणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांस ते ओळखीचे वाटेल. ही कादंबरी १९२४ मध्ये निघाली. धारच्या भोजाचा ग्रंथ बडोद्यास छापू लागला, तेच हे वर्ष.

फॉर्स्टर यांनी देवासला येण्यापूर्वी, १९०९ साली, एक विज्ञानकथा लिहिली होती, हे आपल्याकडे फारसे कोणी ध्यानात घेत नाही. ‘द मशीन स्टॉप्स’ हे तिचे नाव. माणसे जमिनीखाली, मधमाश्यांच्या पोळ्यातल्यासारख्या षट्‌कोनी खोल्यांत एकेकटी राहतात. अन्न, हवा, संगीत, सर्व काही एक प्रचंड यंत्र पुरवते. परस्परांशी बोलणे होते ते हातातल्या एका तबकडीत चेहरा पाहून. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला राहणारा मुलगा आईला विनवतो, की यंत्रातून नको, प्रत्यक्ष भेटायला ये. त्या लोकांपाशी यंत्राचे एक पुस्तक असते आणि ते त्याची जवळजवळ पूजा करतात; पण अवघे यंत्र उमगलेला माणूस त्यांच्यात उरलेला नसतो. शेवटी यंत्र थांबते. बीबीसीने १९६६ मध्ये ही कथा ‘आउट ऑफ द अननोन’ या मालिकेत दूरचित्रवाणीवर आणली. भोजाच्या पोथीत यंत्र आहे आणि जुळणी झाकलेली आहे. फॉर्स्टर यांच्या कथेत यंत्र चालू आहे आणि जुळणी विसरलेली आहे. दोहोंचे पर्यवसान एकच.

यावरचा उतारा याच प्रदेशात शोधला गेला, ही आमच्या कथेची पुढची पायरी. १९७२ साली तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा माध्यमिक शाळांत, मुलांनी स्वतः करून विज्ञान शिकावे असा उपक्रम सुरू झाला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने तो पुढे नेला. तिचे एक केंद्र देवासला उभे राहिले. उपक्रम शासनाने २००२ मध्ये बंद केला, तरी त्याचे संस्कार राहिले. १९७८ मध्ये त्यात सामील झालेल्यांपैकी एक होते अरविंद गुप्ता. कानपूरच्या आयआयटीत शिकलेले हे अभियंते आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हाल्व्हची नळी आणि टाकाऊ कागद यांतून खेळणी करू लागले आणि प्रत्येक खेळण्याची कृती, चित्रासह, सर्वांस फुकट देऊ लागले. पुढे ते पुण्याच्या ‘आयुका’मधील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत आले. त्या वास्तूला पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाची देणगी होती. ‘आयुका’चे संस्थापक-संचालक डॉ. जयंत नारळीकर. त्यांनी १९७४ मध्ये ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने पाठवली होती आणि तिला पारितोषिक मिळाले होते. २०२५ च्या मे महिन्यात ते निवर्तले. विज्ञानकथा लिहिणाऱ्याच्या संस्थेत माळव्याच्या वाटेने आलेला कारागीर बसला आणि त्याने कोणतीच ट्रंक कुलूपबंद केली नाही, हा योग आम्हांस विसरता येत नाही.

गेल्या दिवाळीत आम्ही फॉर्स्टर यांची षट्‌कोनी खोली कागदाची करायची ठरवले. नातू अमेरिकेत, आम्ही देवासला. आम्ही पट्टीने सहा भिंती, तळ आणि छत यांची घडणी आखली आणि त्यास पाठवली. दोन्हीकडे ती छापली आणि एकमेकांचा चेहरा पडद्यावर पाहत जोडायला बसलो. आमची पहिली खोली बसली, कारण कागद वहीचा होता. दुसरी जाड कार्डावर उभी राहिली. मग तो म्हणाला, “आजोबा, तुम्ही लिहिलंय भिंत सत्तर मिलिमीटर, माझी छासष्टच भरतेय.” शोध घेता कळले, की अमेरिकेतला कागद आपल्या ए-चार कागदाहून सुमारे अठरा मिलिमीटरने आखूड असतो आणि छपाईयंत्राने सारी आकृती त्या मापात बसवली होती. आम्ही घडणीच्या कडेला एक ओळ लिहिली: ‘छापल्यावर ही रेघ बरोबर पन्नास मिलिमीटर भरली पाहिजे.’ काकांच्या खाक्यांवर अशी एक ओळ असती तर!

त्यानंतर आम्ही उरलेले खाके पुन्हा बाहेर काढले आहेत. ओळख पटेल तसे प्रत्येकावर नाव लिहितो, जोडण्याच्या कडांना आकडे देतो आणि नक्कल करून मागेल त्याला देतो. सगळे मखर पुन्हा उभे राहील, असे म्हणवत नाही. आतापर्यंत एक कमान जमली आहे. वाचकांच्या माळ्यावरही अशा ट्रंका असतील. त्यांतील जुळणी ज्यांना अजून ठाऊक आहे, त्यांनी ती या वर्षीच कागदावर उतरवावी आणि घरातील मुलांच्या हाती द्यावी, एवढी विनंती. मुलांनी खाका हाती घेतला, तर त्यांस खाली ठेवायला मात्र सांगू नये.