नांगरदिवा

नांगरदिवा हा नांगर टाकून उभ्या असलेल्या नौकेवर सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत लावला जाणारा पांढरा दिवा होय. तो सर्व दिशांनी, म्हणजे ३६० अंशांतून, अखंड दिसावा लागतो. येथे नौका असून ती चालत नाही, तेव्हा तिला वळसा घालून जावे, असा त्याचा अर्थ आहे. नांगरलेली नौका चटकन बाजूला होऊ शकत नाही. त्यामुळे रात्री तिची सुरक्षितता मुख्यतः या दिव्यावर अवलंबून असते. यॉटसारख्या लहान नौकेवर बहुधा असा एकच दिवा असतो, म्हणून त्याची निवड व जागा यांना विशेष महत्त्व आहे. समुद्राप्रमाणेच सातारा जिल्ह्यातील शिवसागर जलाशय आणि सांगलीजवळील कृष्णा नदी यांसारख्या अंतर्देशीय पाण्यातही हीच बाब लागू पडते.

नियम

समुद्रावरील टक्कर टाळण्यासंबंधीचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली स्वीकारले गेले आणि १५ जुलै १९७७ पासून अमलात आले. त्यांतील ३०वा नियम नांगरलेल्या नौकांविषयी आहे. त्यानुसार नौकेच्या पुढील भागात एक आणि मागील टोकाजवळ त्याहून कमी उंचीवर दुसरा, असे दोन पांढरे दिवे लावावे लागतात. ५० मीटरपेक्षा कमी लांबीच्या नौकेस, जेथून उत्तम दिसेल अशा जागी, एकच दिवा लावण्याची मुभा आहे. दिवसा दिव्याऐवजी पुढील भागात काळा गोळा टांगतात. त्याचा व्यास किमान ०.६ मीटर असावा लागतो. २० मीटरपेक्षा लहान नौकेवर नौकेच्या आकाराला साजेसा लहान गोळा चालतो.

७ मीटरपेक्षा लहान नौकेला या दिव्यातून सूट आहे. मात्र ती अरुंद जलमार्गात, नांगरण्याच्या जागी, नौकांच्या नेहमीच्या वाटेवर किंवा त्यांच्या जवळपास उभी असल्यास ही सूट मिळत नाही. धुके किंवा मुसळधार पावसामुळे दृश्यमानता कमी झाल्यास दिवसाही दिवा लावणे बंधनकारक आहे.

दिव्याची निवड

५० मीटरपेक्षा लहान नौकेचा नांगरदिवा स्वच्छ हवेत किमान २ सागरी मैलांवरून, म्हणजे सुमारे ३.७ किलोमीटरवरून, दिसला पाहिजे. त्यासाठी ४.३ कँडेला इतकी प्रकाशतीव्रता लागते. बागेत लावायचे सौरदिवे या मापास उतरतीलच असे नाही. शिवाय ढगाळ दिवसानंतर ते पहाटेपूर्वीच विझू शकतात.

दिवा रात्रभर जळावा लागत असल्याने विजेचा हिशेब महत्त्वाचा ठरतो. १२ व्होल्टच्या बॅटरीवर १० वॅटचा तारेचा बल्ब १३ तासांच्या रात्रीत सुमारे ११ अँपिअर-तास वीज घेतो. २ वॅटच्या एलईडी दिव्याला तेवढ्याच वेळात सुमारे २ अँपिअर-तास पुरतात. बॅटरी वाचवण्यासाठी मध्यरात्री दिवा मालवण्याचा मोह एलईडीमुळे राहत नाही.

जागा व उंची

शिडाच्या यॉटवर हा दिवा बहुधा डोलकाठीच्या टोकाला असतो. तेथे कशाचाही आडोसा येत नाही आणि तो दुरून दिसतो. मात्र जवळून जाणाऱ्या लहान होडीतील नावाडी पाण्याच्या पातळीकडे पाहत असतो. त्याला १५ मीटर उंचीवरचा दिवा दिसत नाही किंवा तारा वाटतो. दिव्याचा प्रकाश खालच्या बाजूस ठरावीक कोनापर्यंतच पुरेसा असण्याची अट आहे. त्यामुळे एवढ्या उंच दिव्याच्या जवळ आलेली होडी त्या कक्षेबाहेर राहू शकते.

यावर उपाय म्हणून काही नाविक डोलकाठीच्या पुढे, दोरावर टांगलेला दिवा डेकपासून दोन-तीन मीटर उंचीवर लावतात. त्याने नौकेचा पुढील भागही उजळतो. डेकवरील कामाचे दिवे जोडीला लावण्यास नियमांची परवानगी आहे. १०० मीटर व त्याहून मोठ्या नौकांना ते सक्तीचे आहेत.

नेहमीच्या चुका

लाल व हिरवे दिवे नौका चालत असल्याचे दर्शवतात. नांगर टाकल्यावर डोलकाठीवरचा तिरंगी दिवा तसाच सुरू ठेवल्यास समोरचा नाविक ती नौका चालती समजतो. इंजिनावर चालताना लावायचा पुढचा पांढरा दिवा २२५ अंशांतूनच दिसतो, म्हणून तो नांगरदिव्याची जागा घेऊ शकत नाही. लुकलुकणारा दिवा मार्गदर्शक बोया समजला जाण्याचा धोका असतो.

सातारा व सांगली परिसर

कोयना धरणामुळे निर्माण झालेला शिवसागर जलाशय सुमारे ५० किलोमीटर लांब असून त्याच्या काठच्या तापोळा व बामणोली येथून लाँच चालतात. पर्यटक बामणोलीहून वासोटा किल्ल्याकडे जातात. पलीकडच्या काठावरील गावांसाठी मात्र लाँच हे दळणवळणाचे साधन आहे. रुग्णाला रात्री पाण्यातून न्यावे लागले, तर वाटेत बिनदिव्याची उभी नौका घातक ठरू शकते. उन्हाळ्यात पाणी उतरते, पात्र अरुंद होते आणि एरवी कडेला असलेली नौका वाहतुकीच्या वाटेत येते.

समुद्रगामी जहाजे पोहोचू शकत नाहीत अशा पाण्याला आंतरराष्ट्रीय नियम थेट लागू होत नाहीत. तेथे १९१७ च्या कायद्याची जागा घेणारा अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ लागू होतो आणि त्यात दिवे व संकेतांविषयी तरतुदी आहेत.

सांगली येथे कृष्णेवर होड्यांच्या शर्यती होतात. याच नदीला २००५, २०१९ व २०२१ मध्ये मोठे पूर आले. पुराच्या प्रवाहात खाली येणारी होडी वेगाने थांबवता येत नाही. म्हणून अंधारात उभ्या असलेल्या बचावनौकेवर सर्व दिशांनी दिसणारा पांढरा दिवा असल्यास येणाऱ्या नावाड्याला वळण्यास पुरेसा अवधी मिळतो.