फरारी गुलाम आणि धन्याची साक्ष

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि दरबारी पत्रव्यवहार हींच आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु ज्यांस अक्षरओळख होऊं नये म्हणून कायदे झाले, ज्यांचा देहही दुसऱ्याच्या मालकीचा होता, अशांचा इतिहास कोठें शोधावा? अमेरिकेंतील कृष्णवर्णी गुलामांच्या बाबतींत या प्रश्नाचें एक उत्तर तेथील जुन्या वर्तमानपत्रांत सांपडतें. अठराव्या शतकाच्या आरंभापासून १८६५ सालीं गुलामगिरी नष्ट होईपर्यंत, हरवलेल्या घोड्यांच्या सूचनांशेजारीं पळालेल्या गुलामांच्या हजारों जाहिराती तेथें छापल्या गेल्या.

जाहिरातीचा सांचा ठरलेला असे. नांव, वय, बांधा, कपडे, अंगावरील व्रण, येत असलेला धंदा आणि शेवटीं बक्षिसाची रक्कम. मालमत्ता परत मिळावी, एवढाच धन्याचा हेतु. पण माणूस ओळखूं यावयाचा तर त्याचें माणूसपण वर्णन केल्यावांचून गत्यंतर नव्हतें. गुलाम मंदबुद्धि असतो, दास्यांतच सुखी असतो, असें एरवीं सांगणारे धनी जाहिरातींत मात्र लिहीत कीं, हा कसबी सुतार आहे. याला लिहितां-वाचतां येतें, तेव्हां खोटा परवाना जवळ बाळगील. याची बायको अमक्या मळ्यावर आहे, तिच्याकडेच गेला असेल.

१७६९ च्या सप्टेंबरांत 'व्हर्जिनिया गॅझेट'मध्यें थॉमस जेफरसन यानें सँडी नांवाच्या गुलामाविषयीं अशीच जाहिरात दिली. वय सुमारें ३५, ठेंगणा, जोडे शिवण्याचा धंदा, काम मुख्यत्वें डाव्या हातानें. शिवाय दारूबाज, उर्मट आणि लबाड. जातांना त्यानें एक पांढरा घोडा आणि जोडे शिवण्याचीं हत्यारें नेलीं, हेंही धन्यानेंच नमूद केलें आहे. ज्यानें हत्यारें बरोबर घेतलीं, त्याच्या मनांत स्वतःच्या मेहनतीवर पोट भरण्याचा बेत असावा, असें मानणें वावगें होणार नाहीं. सँडी सांपडला आणि १७७३ सालीं जेफरसननें त्यास विकून टाकलें. पुढें तीनच वर्षांनीं, सर्व माणसें जन्मतः समान आहेत, हें वाक्य त्याच लेखणींतून उतरलें.

१७९६ च्या मे महिन्यांत ओना जज ही तरुणी फिलाडेल्फियांतील अध्यक्षांच्या वाड्यांतून निघून गेली. तिचे धनी प्रत्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन. त्यांच्या कारभाऱ्यानें लागलीच जाहिरात देऊन १० डॉलर बक्षीस लावलें आणि लिहिलें कीं, तिनें पळून जावें असें कांहींच कारण घडलें नव्हतें! या एका वाक्यांत धनिकवर्गाचें सारें अज्ञान प्रकट झालें आहे. ओना गलबतानें न्यू हॅम्पशायरमधील पोर्ट्समथ येथें पोंचली. वॉशिंग्टनचे तिला परत आणण्याचे प्रयत्न फसले. वृद्धपणीं तिनें आपली हकीकत वर्तमानपत्रांस सांगितली. मंडळी व्हर्जिनियास परतण्याची बांधाबांध करीत होती. तेथें गेल्यावर सुटका नाहीं हें ओळखून, घरांतील माणसें जेवावयास बसलीं असतां ती बाहेर पडली. दारिद्र्य भोगूनही तिला पश्चात्ताप झाला नाहीं. १८४८ सालीं ती वारली, तेव्हां कायद्याच्या दृष्टीनें ती गुलामच होती.

या जाहिराती अखेर धन्यांवरच उलटल्या. १८३९ सालीं थिओडोर वेल्ड यानें पत्नी अँजेलिना आणि मेहुणी सेरा ग्रिमके यांच्या साहाय्यानें दक्षिणेकडील हजारों वर्तमानपत्रें चाळून एक ग्रंथ प्रसिद्ध केला. फटक्यांचे वळ, डागण्या, कापलेले कान हें सारें धन्यांनीं स्वतःच ओळखीची खूण म्हणून छापलें होतें. मग तें नाकारणार कोण?

जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हें पुस्तक गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांस अर्पण केलें, हें मराठी वाचकांस ठाऊक आहे. ती कृतज्ञता योग्यच होती. परंतु त्या मुक्तिदात्यांच्या कितीतरी आधीं, कोणाचीही वाट न पाहतां, रात्रीं-अपरात्रीं हत्यारांची पिशवी उचलून जीं माणसें चालूं लागलीं, त्यांचीही गणना मुक्तिदात्यांतच केली पाहिजे.