जीन्सचे वरचे सदतीसशे रुपये कशाचे?

आजचा विषय आम्ही निवडलेला नाही, तो आमच्याकडे चालत आला. मागच्या खेपेला वरवंडला व्याख्यान झालं आणि चहाच्या वेळी इथलेच एक शेतकरी गृहस्थ म्हणाले, "सर, तुम्ही सगळा इतिहास सांगता, मग एवढं सांगा. पोरगं पुण्याला कॉलेजात गेलंय. साडेचार हजारांची जीन्स मागतंय. तशीच बाजारात आठशेला मिळती. वरचे सदतीसशे कशाचे?"

आजूबाजूचे हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. वर्गात आपण खेडवळ दिसू ही त्या मुलाची धास्ती त्यात होती, आणि बापाचा खिसाही होता. म्हणून आज आपण त्या सदतीसशे रुपयांचा इतिहास पाहू.

सुरुवात मुंबईपासून करू. इंग्रजीत जाड्याभरड्या सुती कापडाला 'डंगरी' म्हणतात. तो शब्द मुंबईच्या डोंगरीवरून आला असं कोशकार सांगतात. खलाशी आणि कामगार वापरायचे ते हे कापड. 'डेनिम' हा शब्द फ्रान्समधल्या नीम शहरावरून आला आणि 'जीन' हा इटलीतल्या जेनोआवरून. म्हणजे बघा, तिन्ही नावं गावांची आहेत. माणसाचं नाव अजून पँटवर चढलेलं नाही.

आता जाऊ अमेरिकेत, नेवाडा राज्यातल्या रेनो गावी. तिथं जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. १८७० च्या सुमारास एक बाई त्याच्याकडे आली. नवरा लाकूडतोड्या, पँट टिकत नाही, अशी तिची तक्रार. डेव्हिसनं जाड कापड घेतलं आणि खिशाचे कोपरे जिथं उसवतात तिथं तांब्याचे रिव्हेट ठोकले. किंमत लावली तीन डॉलर. मागणी वाढली, पण पेटंटला पैसे नव्हते. मग तो ज्याच्याकडून कापड घ्यायचा, त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या लेव्ही स्ट्रॉस या व्यापाऱ्याला त्यानं पत्र लिहिलं. २० मे १८७३ रोजी पेटंट मिळालं. इथं गिऱ्हाईक पैसे कशाचे देत होतं, ते स्वच्छ दिसतं. कापड, शिलाई आणि न उसवणारा खिसा.

यापुढची गोष्ट महत्त्वाची आहे. १८८६ साली या कंपनीनं पँटच्या मागे चामड्याचा तुकडा लावला. त्यावर चित्र होतं, दोन घोडे एक पँट दोन बाजूंनी ओढताहेत आणि ती फाटत नाही. ज्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, ते दुकानात 'दोन घोड्यांची द्या' म्हणू शकत. आपल्याकडे 'अमुक छाप' माल मागायचे ना, तसंच. म्हणजे छाप ही सुरुवातीला हमी होती, नखरा नव्हता.

पण १८९० च्या सुमारास पेटंटची मुदत संपली. आता रिव्हेट कोणीही ठोकू शकत होतं. मजबुती सगळ्यांची झाली, एकट्याचं उरलं ते फक्त नाव. १९३६ मध्ये मागच्या खिशावर लाल पट्टी आली, ती कशासाठी? लांबून ओळखू यावं म्हणून. आमच्या मते सदतीसशे रुपयांची वाट इथून फुटते. माल सगळ्यांचा सारखा व्हायला लागला की नाव विकावं लागतं.

पुढे १९७६ मध्ये हाँगकाँगच्या मुरजानी या भारतीय वंशाच्या उद्योगानं न्यूयॉर्कच्या ग्लोरिया व्हँडरबिल्ट यांच्या नावानं बायकांच्या जीन्स काढल्या, मागच्या खिशावर त्यांची सही. १९८० मध्ये कॅल्विन क्लाइनच्या जाहिराती गाजल्या. आता पँट घेणारा लाकूड तोडत नव्हता. खिसा उसवेल ही त्याची काळजीच नव्हती.

आपल्याकडे याच्या उलट एक प्रयोग झाला, तो अनेकांना आठवत असेल. १९९५ साली अहमदाबादच्या अरविंद मिलनं 'रफ अँड टफ' काढली. १९५ रुपयांत एक पाकीट. त्यात डेनिमचा तुकडा, चेन, बटण, रिव्हेट आणि लेबल. ते घेऊन गावच्या शिंप्याकडे जायचं आणि मापानं शिवून घ्यायची. जीन्सची किंमत इतकी उघडी करून यापूर्वी कोणी दाखवली नसेल. कापड पाकिटात, शिलाई शिंप्याची, आणि नाव म्हणजे पाकिटातलाच एक छोटा तुकडा!

दुसरं उदाहरण उल्हासनगरचं. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीचं हे शहर झालं आणि पुढे जीन्स शिवण्याचं मोठं केंद्र. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपण सगळ्यांनी ऐकलाय. विनोदातलं खरं एवढंच, की लेबल बदललं की भाव बदलतो. पण तिथल्या जीन्स धुण्याच्या कारखान्यांच्या पाण्यानं वालधुनी नदीचं काय झालं, ते कुठल्याच लेबलवर नसतं. स्वस्त जीन्सचीही सगळी किंमत आपण दुकानात देत नाही.

महागातही तसंच. नवी पँट जुनी दिसावी म्हणून तिच्यावर वाळूचा मारा करत. त्या धुळीनं तुर्कस्तानात तरुण कामगारांची फुप्फुसं निकामी झाली, आणि २००९ मध्ये त्या देशानं ही पद्धत बंद केली. आमच्याकडे उसाच्या फडात पँट आपोआप विटते, त्याचे कोणी पैसे देत नाही.

आता हिशोब करू. आठशेची जीन्स शंभर वेळा घातली तर एका वेळेला आठ रुपये पडतात. साडेचार हजारांची त्याच भावात पडायची असेल, तर ती साधारण साडेपाचशे वेळा घालायला हवी. आठवड्यातून दोनदा म्हटलं तरी पाच वर्षं होतात. पदवी संपून जाईल. इतकी टिकेल का? पँट उलटी करून शिवण बघा, कापड हातात तोलून बघा, चेन ओढून बघा. थोडं जास्त देऊन चांगलं कापड मिळत असेल तर जरूर द्या. पण पाचपट भावाला पाचपट टिकणारं कापड आम्ही तरी पाहिलेलं नाही.

मग ते सदतीसशे वायाच का? तसंही आम्ही म्हणणार नाही. अनोळखी वर्गात पोराला ताठ बसावंसं वाटतं, त्याची टिंगल करू नये. फक्त तो काय विकत घेतोय, ते त्याला माहीत असावं.

आणि एक गोष्ट इथं, याच भागात सांगायला हवी. अमेरिकेत १८६१ ला यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस अडला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी सढळ हातानं कर्ज दिलं. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळला, कर्ज तसंच राहिलं. जीन्सच्या पेटंटला दोन वर्षं होत होती, तेव्हा १२ मे १८७५ रोजी इथून जवळच सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. दंगा शिरूरकडेही पोचला. त्या पिढीला कळलं होतं, की दुकानातला भाव आणि वहीतला भाव वेगळा असतो. आज वही मोबाइलमध्ये आहे आणि तिचं नाव हप्ता आहे, एवढाच फरक.

त्या गृहस्थांना आम्ही शेवटी सांगितलं ते एवढंच. पोराला शेजारी बसवा, हा हिशोब त्यालाच करू द्या. कापडाला आणि शिवणीला पैसे द्या. नावाला द्यायचेच असतील तर रोख द्या, हप्त्यावर नको.

आता तुमचे प्रश्न घेऊ.