मोर्तब आणि वही

मराठेशाहींत राजपत्राच्या माथ्यावर मुद्रा असे व मजकुराच्या अखेरीस मोर्तब होई. त्यामुळें मागाहून ओळ घुसडणें कठीण पडे. इनामपत्राची नकल दप्तरीं उतरून घ्यावी व अस्सल पत्र धन्यास परत द्यावें, अशी आज्ञाही पुष्कळदां पत्रांतच असे. विश्वास कागदावर ठेवावा कीं वहीवर, हा प्रश्न असा जुनाच आहे.

१९९४ सालीं तो पुन्हां उभा राहिला. जाळ्यावरील प्रत्येक मागणी सर्व्हरला अनोळखी असे. मागील भेट त्याच्या स्मरणांत नसे. तेव्हां नेटस्केप कंपनींतील लू माँटुली यांनीं पाहुण्याच्याच हातीं चिठ्ठी देण्याची तोड काढली. तीच ‘कुकी’. सारी ओळख त्या चिठ्ठींतच लिहिली, तर तिला गुप्त किल्लीचें मोर्तब हवें. ‘सेशन’मध्यें मात्र चिठ्ठीवर केवळ एक न ताडतां येणारा क्रमांक असतो, खरी नोंद सर्व्हरच्या वहींत राहते.

बीड जिल्ह्यांतील सिरसाळ्याच्या बाजारांत एखाद्याचा मोबाइल चोरीस गेला, तर हा भेद पुस्तकी राहत नाहीं. वहींतील नोंद खोडतांच चोराच्या हातचा क्रमांक निकामी होतो. मोर्तबाची चिठ्ठी मात्र मुदत सरेपर्यंत चालतच राहते. म्हणून पैशाच्या व्यवहाराला वहीच बरी. आणि चिठ्ठी द्यावयाचीच, तर ती थोड्या मुदतीची असावी.