पिसू दिसते अंगावर, राहते जमिनीत

बारामतीहून इंदापूरकडे निघाले की काटेवाडीनंतर सणसर लागते. आषाढी वारीत तुकोबांच्या पालखीभोवती काटेवाडीत मेंढ्यांचे रिंगण होते आणि पालखी सणसरला मुक्कामी येते. हा पट्टा मुळात अवर्षणाचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डाव्या कालव्याचे पाणी आले, स्वातंत्र्यानंतर भवानीनगरला छत्रपती सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि ज्वारी-बाजरीच्या रानात उसाने बस्तान बसवले. घरे बदलली, पिके बदलली, पण घरातल्या एका जिवाचे काम तेच राहिले. पूर्वी कणगीजवळ बसणारे मांजर आता पोत्यांच्या थप्पीवर बसते, एवढाच फरक. त्याच्या कामाची दखल आपल्या म्हणींनी घेतली आहे. त्याच्या कातडीची मात्र कोणी घेतलेली नाही. मानेवर खपल्या धरलेले, पोटाचे केस चाटून चाटून उडवलेले मांजर दिसले की ‘खरूज झालीय’ किंवा ‘उष्णता झालीय’ एवढे बोलून विषय संपतो. पुष्कळदा ती खरूज नसते, पिसूच्या चाव्याची ॲलर्जी असते. तिच्यावर इलाज करू पाहणारा माणूस पहिल्यांदा मलम शोधतो. हा शोध चुकीच्या टोकापासून सुरू होतो, हे सांगायला महाराष्ट्राचाच इतिहास पुरेसा आहे. पिसूशी आपली एक मोठी लढाई होऊन गेली आहे, आणि त्या लढाईत आपण सुरुवातीला नेमकी हीच चूक केली होती.

ती लढाई प्लेगची. १८९६ मध्ये साथ मुंबईत आली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यात पोचली. रोगाचा जंतू तेव्हा माहीत झालेला होता. १८९४ मध्येच हाँगकाँगला येर्सिनने तो शोधला होता. जंतू माणसापर्यंत येतो कसा, हे मात्र कोणाला उलगडले नव्हते. त्यामुळे सरकारचा सगळा जोर माणसावर पडला. १८९७ चा साथरोग कायदा झाला, पुण्यात रँडची प्लेग समिती बसली, गोऱ्या सोल्जरांनी घरांची झडती घेतली, संशयितांना दवाखान्यांत आणि छावण्यांत हलवले, सामान जाळले, भिंती-जमिनी जंतुनाशकाने धुतल्या. त्या जुलमाचा शेवट रँडच्या खुनात झाला, हा इतिहास घरोघरी ठाऊक आहे. त्या खटाटोपात एक शास्त्रीय विसंगती होती, तिच्याकडे मात्र कमी लक्ष जाते. जंतुनाशकाने जंतू मरत असेलही, पण जंतू वाहून नेणारा कीटक आणि त्याला पोसणारा उंदीर दोघेही सुखरूप राहत होते. आजाऱ्यावर बळ आणि पिसूला अभय, असा तो कारभार होता.

या अंधारात पहिली फट पडली ती एका मांजरामुळे, हे सहसा सांगितले जात नाही. पॉल-लुई सिमाँ हा फ्रेंच डॉक्टर जून १८९८ मध्ये कराचीत होता. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच मोडत होती. त्याने प्लेगने आजारी पडलेला उंदीर एका बरणीत ठेवला. पिसवा पुरेशा नाहीत असे वाटून, तो उतरला होता त्या हॉटेलच्या आसपास फिरणाऱ्या एका मांजराच्या अंगावरून त्याने आणखी काही पिसवा गोळा करून बरणीत सोडल्या. आजारी उंदराला स्पर्श करता येणार नाही अशा बेताने एक निरोगी उंदीर जाळीच्या पिंजऱ्यात ठेवला. आजारी उंदीर मेला आणि पुढच्या काही दिवसांत दुसऱ्यालाही प्लेगने गाठले. जाळीतून उडी मारून जाऊ शकेल असा मधला दुवा एकच उरत होता. मांजराची पिसू प्लेग पसरवण्यात उंदराच्या पिसवेपेक्षा बरीच कमजोर असते, हे पुढे कळले; तेव्हा मात्र सिमाँच्या निष्कर्षावरच वर्षानुवर्षे कोणी विश्वास ठेवला नाही.

विश्वास बसला तो मुंबईत. ग्लेन लिस्टन याने प्लेगच्या घरांत गिनीपिग सोडून त्यांच्या अंगावर जमणाऱ्या पिसवा मोजल्या. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, प्लेग संशोधन आयोगाने हे काम पद्धतशीरपणे पुढे नेले. त्यातला एक प्रयोग मुद्दाम डोळ्यांसमोर आणण्यासारखा आहे. गिनीपिगांचे पिंजरे एकाच खोलीत वेगवेगळ्या उंचीवर ठेवले: एक जमिनीवर, एक जमिनीपासून दोन इंचांवर, एक दोन फुटांवर. हवा एकच, भिंती त्याच. खालच्या दोघांना लागण झाली. पिसवेच्या उडीच्या पलीकडे टांगलेला वाचला. बारीक जाळीने झाकलेल्या पिंजऱ्यांतले प्राणीही वाचले. म्हणजे धोका हवेत नव्हता, भिंतीत नव्हता. तो जमिनीलगतच्या चार बोटांत होता. प्लेगच्या अभ्यासाने माणसाची नजर रोग्याच्या अंगावरून घराच्या भुईवर आणली. मांजराच्या खाजेबाबत नेमकी हीच नजर आपल्याला अजून आलेली नाही.

खेड्यांना ती काही अंशी आधीच आली होती. ‘उंदीर पडले’ हे दोन शब्द कानावर आले की गाव घरे सोडून रानात खोपटी बांधून राही. मरीआईचा कोप म्हणून सोडा किंवा अनुभवाचे शहाणपण म्हणून, पण माणूस पिसूच्या वस्तीतून बाहेर पडे आणि पुष्कळ वेळा वाचे. साथीचा ऋतूही हेच सुचवतो. दख्खनवर पावसाळ्यानंतर प्लेग चढे आणि कडक, कोरड्या उन्हाळ्यात ओसरे, कारण पिसूच्या अळीला ओलावा लागतो. हवा फार कोरडी झाली की ती तग धरत नाही. यावर कोणी म्हणेल, मग सणसरसारख्या उन्हाच्या मुलखात पिसवांचे भय कशाला? पण अळी मोकळ्या माळावर वाढत नाही. ती वाढते ओसरीच्या कोपऱ्यात, गोठ्याच्या सावलीत, बारदानाच्या घडीत. पाटाचे पाणी आणि बारमाही ऊस यांनी गावाभोवती ओल आणली. घरातली सावली तर पूर्वीपासूनच होती.

याच काळात मांजर वैद्यकाच्या चर्चेत आले, पण रोगी म्हणून नव्हे, राखणदार म्हणून. वऱ्हाडात अमरावतीचे सिव्हिल सर्जन अँड्र्यू ब्युकॅनन यांनी गावोगावची मांजरे मोजवली आणि जिथे मांजरे भरपूर तिथे प्लेग कमी, असे मांडले. १९०८ मध्ये लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा लेख आला. त्यांच्या मांडणीवर आक्षेप घेता येतात. मांजरे जास्त असलेली गावे इतर कारणांनीही वाचली असतील. शिवाय मांजराला स्वतःला प्लेग होऊ शकतो आणि पिसवा अंगावर घेऊन तेच घरात येते. हे आक्षेप खरे आहेत. म्हणून मांजर घालवून द्यावे काय? हिशेब तसा निघत नाही. मांजर गेले की उंदीर वाढतात आणि त्यांच्याबरोबर पिसवाही. ब्युकॅनन यांचा आकडा पक्का नसेल, पण मांजर घराच्या आरोग्यव्यवस्थेचा भाग आहे ही त्यांची दृष्टी योग्य होती. राहून गेले ते एवढेच, की या पहारेकऱ्याच्या अंगाला काय होते हे कोणी विचारले नाही. पशुवैद्यकाची घडणही तशीच झाली. १८८६ मध्ये मुंबईत पशुवैद्यक महाविद्यालय निघाले, त्या काळी या विद्येचे मोल घोडा, बैल आणि दुभते जनावर यांच्यासाठी होते. तालुक्याच्या दवाखान्यात मांजर रोगी म्हणून यायला त्यानंतर फार वर्षे जावी लागली.

खाजेचे शास्त्र मात्र प्लेगच्याच कुळातून निघाले. १९६० च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत बेंजामिन फाइनगोल्ड आणि एली बेंजामिनी यांनी पिसूच्या चाव्याने येणाऱ्या ॲलर्जीचा पायरीपायरीने अभ्यास केला. त्यांच्या सोबत काम करणारा लिओ कार्टमन हा प्लेगचा संशोधक होता, प्रयोगाचा प्राणी पुन्हा गिनीपिगच होता आणि पिसू मांजराची होती. खाज पिसूच्या सोंडेमुळे येत नाही, चावताना ती सोडत असलेल्या लाळेमुळे येते. शरीर त्या लाळेतल्या द्रव्यांना एकदा वैरी मानू लागले की पुढचा प्रत्येक चावा ठिणगीसारखा काम करतो. म्हणूनच एकाच घरातल्या दोन मांजरांपैकी एकावर पिसवांचा बुजबुजाट असूनही ते निवांत लोळते आणि दुसरे दोन-चार चाव्यांनी रक्तबंबाळ होईपर्यंत खाजवते. पिसवा किती, यावर खाज ठरत नाही. शरीर त्यांच्याशी कसे वागते, यावर ठरते.

इथे नेहमीचा आक्षेप येतो: आमच्या मांजरावर एकही पिसू दिसत नाही. न दिसणे हा पुरावा नव्हे. उलट ज्याला ॲलर्जी आहे ते मांजर इतके चाटते की पिसवा गिळून टाकते. पुरावा दुसरीकडे असतो. बारीक दातांच्या फणीने शेपटीच्या बुडाशी आणि मानेवर केस विंचरावेत, फणीत आलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवावेत. साधी धूळ असेल तर काळीच राहते. पिसूची विष्ठा असेल तर कणाभोवती तांबूस डाग पसरतो, कारण ते पचलेले रक्त असते. कण मिळाले नाहीत तरी खात्रीने पिसू नाही असे म्हणता येत नाही. शिवाय खरूज, बुरशी, खाण्यातली ॲलर्जी यांनीही असेच केस जातात, म्हणून निदानाचा शेवटचा शब्द पशुवैद्याचा.

आता इलाज. अंगावर दिसणारी पिसू ही तिच्या घराण्यातली थोडी मंडळी. मादी दिवसाला वीस ते पन्नास अंडी घालते. ती गुळगुळीत असल्यामुळे मांजराच्या अंगावरून घरंगळून, ते जिथे झोपते तिथे पडतात. त्यातून निघालेली अळी उजेड टाळते आणि भेगेत, गोणपाटाच्या विणीत मोठ्या पिसवांची वाळलेली विष्ठा खाऊन वाढते. मग ती कोष विणते आणि चिकट कोषावर धूळ बसली की तो ओळखूही येत नाही. आतली पिसू महिनोन् महिने थांबते आणि पावलांची थरथर, अंगाची ऊब, श्वास यांची चाहूल लागली की बाहेर पडते. बरेच दिवस बंद असलेले घर उघडताच पिसवा पायांवर का चढतात, याचे कारण हेच. हे चक्र ध्यानात घेतले तर मलम किंवा खाज थांबवणारे इंजेक्शन एकटे का अपुरे ठरते ते कळते. स्टेरॉईडने आग शमते हे खरे आणि हाल होणाऱ्या जनावराला ते काही दिवस द्यावेही लागते. पण लाकूड तसेच राहते. म्हणून मानेच्या मागे टाकायचे थेंबाचे औषध पशुवैद्याच्या सल्ल्याने, ठरल्या अंतराने, काही महिने चालवायचे. घरातल्या प्रत्येक मांजराला आणि कुत्र्यालाही. मांजराच्या पिसूची भावंडे शेळ्या-मेंढ्यांवरही सापडतात, तेव्हा गोठा विसरून चालत नाही. अंथरूण कढत पाण्यात धुऊन कडक उन्हात टाकायचे, कोपरे झाडायचे, भेगा बुजवायच्या. सारवणाने भेगा लिंपल्या जात, हा त्याचा दुर्लक्षित फायदा होता. आज ते काम फरशीच्या सांध्यांत सिमेंट भरून करता येते.

औषधाच्या हव्यासाचाही एक इतिहास आहे. मलेरियाविरोधी मोहिमेत घरोघर डीडीटी फवारले गेले, गॅमेक्झिनची भुकटी गोठ्यात आली, आणि कीड म्हणजे भुकटी हे समीकरण मनात बसले. पुढे पिसवा या औषधांना दाद देईनाशा झाल्या. मांजराच्या बाबतीत तर हे समीकरण घातक आहे, कारण अंगावर पडलेले सगळे ते चाटून पोटात घेते आणि त्याचे यकृत काही रसायने फोडूच शकत नाही. कुत्र्यासाठीचे परमेथ्रिनचे औषध मांजराचा जीव घेऊ शकते. फिनेलने अंघोळ घालणे हाही विषप्रयोगच. कडुलिंबाचा पाला धान्यात घालणे वेगळे आणि त्याचे तेल चाटणाऱ्या जनावराला चोपडणे वेगळे.

शेवटचा आक्षेप सर्वांत मुरलेला आहे: पूर्वी मांजरांना असले काही होत नव्हते, आणि झाले तरी उंदीर मारणाऱ्या जनावरावर खर्च कोण करतो? नोंद नसणे म्हणजे रोग नसणे नव्हे. प्लेगमध्ये मेलेल्या माणसांच्या नोंदी जिथे अपुऱ्या, तिथे मांजराची खाज कोण लिहिणार? खर्चाचे उत्तर १९९४ च्या प्लेगने दिले आहे. लातूरच्या भूकंपाने हादरलेल्या भागात लोक भीतीने घराबाहेर झोपू लागले, साठवलेले धान्य आत राहिले, उंदीर माजले. बीड जिल्ह्यातल्या मामला गावात पिसवांचा त्रास वाढल्याची तक्रार आधी आली, गाठीचा ताप त्यानंतर. पिसू आधी बोलली होती, ऐकणारे उशिरा जागे झाले. मांजराच्या मानेवरच्या खपल्या म्हणजे प्लेगची नांदी, असे म्हणणे उगाच घाबरवणे ठरेल. पण त्या खपल्या भुईबद्दल काही सांगत असतात आणि ते ऐकायला फार खर्च येत नाही. मांजर ज्या गोणपाटावर झोपते ते उचलून उन्हात झटकले, तरी उपचाराची सुरुवात योग्य जागेवरून होते.